सहाव्या पट्ट्यातलं सातपूर

सातपूर

बागलाणात पाहायला काय आहे, असं निघण्याआधी मला नाशिकमधल्या बऱ्याच मैत्रिणींनी विचारलं. साल्हेर-मुल्हेरचे किल्ले आहेत, पण माझे गुडघे आता किल्ल्यांच्या लायकीचे राहिलेले नाहीत. डाळिंबाच्या बागा आहेत, कांद्याच्या चाळी आहेत, वैशाखात डोकं फिरवणारं ऊन आहे. मी यातलं काहीच पाहायला गेले नव्हते. मला एक झेंडा पोहोचवायचा होता.

झालं असं, की गावाहून मिलिंदचा फोन आला. मिलिंद माझा चुलतभाऊ. नामपूरकडे शाळेत शिक्षक आहे आणि आमच्या वस्तीतल्या विहाराच्या कमिटीचं सगळं तोच बघतो. "ताई, बुद्ध पौर्णिमेला येतेस ना? येताना नाशिकहून पंचशील ध्वज घेऊन ये. मोठा घे. रेडिमेड." मी हो म्हटलं. वस्तीला झेंडा लागतो, नाशिकला चांगला मिळतो, यात विचारण्यासारखं मला काही दिसलं नाही.

माझी सगळी नोकरी सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात गेली. तयार माल समोर यायचा, मी मोजायचे आणि पास किंवा रिजेक्ट असा शिक्का मारायचे. निवृत्त झाले तरी ती खोड गेलेली नाही. लग्नाला गेले तर मांडवाचा खांब तिरका दिसतो, हॉटेलात डोशाचा घेर वाकडा असला तर घास उतरत नाही. मेन रोडवरच्या दुकानात मी पर्समधून टेप काढून झेंड्याचा एकेक पट्टा मोजायला लागले, तेव्हा दुकानदार म्हणाला, "मॅडम, झेंडा आहे हो, पिस्टन नाही." पण खरं सांगते, झेंड्यात दोष नव्हता. कापड चकचकीत, रंग ठळक, सगळे पट्टे सारखे. मी मनातल्या मनात शिक्का मारला आणि पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळून घेतला.

ज्यांनी हा झेंडा दुरूनच पाहिलाय त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. निळा, पिवळा, लाल, पांढरा आणि केशरी असे पाच उभे पट्टे, आणि शेवटी सहावा पट्टा. या सहाव्यात हेच पाचही रंग एकाखाली एक येतात. बुद्धांच्या देहातून सहा रंगांची प्रभा फाकली असं मानतात, तिच्या या खुणा. निळा म्हणजे करुणा, पिवळा म्हणजे मध्यम मार्ग, लाल म्हणजे पराक्रम, पांढरा म्हणजे शुद्धता, केशरी म्हणजे प्रज्ञा, आणि सहावा म्हणजे या सगळ्यांचं एकत्र येणं. झेंडा फार प्राचीन वाटतो, पण तो एकोणिसाव्या शतकात श्रीलंकेत तयार झाला. आधी तो फार लांबट केला होता, मिरवणुकीतल्या पताकेसारखा. वापरायला गैरसोयीचा ठरला म्हणून मागाहून त्याचं माप बदललं. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. म्हणजे तपासणी विभाग तिथेही होताच.

आमच्या गच्चीतून लेण्यांचा डोंगर दिसतो. तिथल्या शिलालेखांत त्याचं नाव त्रिरश्मी आहे. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी नळी शेजारी ठेवून त्या डोंगराकडे बघत बसले होते. खाली कॉलनीत कमानीवर, रिक्षांवर, मंडळाच्या फलकावर झेंडेच झेंडे. विटला की काढायचा, नवा लावायचा. कोणी त्यांच्याकडे मान वर करून बघत नाही, मीसुद्धा नाही.

आणि झेंडा हे निमित्तच होतं. मला 'छबी' म्हणणारं माणूस आता जगात एकच उरलंय. ती माझी आत्या, अण्णांची धाकटी बहीण. अण्णा, म्हणजे माझे वडील, कारखान्यात नोकरी लागली म्हणून सातपूरला आले, आणि आत्या त्यांच्या गावच्या घरात राहिली ती राहिलीच. लग्न मोडून लवकर माहेरी आलेली बाई, मूलबाळ नाही. अण्णा होते तोवर दर बुद्ध पौर्णिमेला गावी जायचे. ते गेल्यावर आमचं जाणं लग्नकार्यापुरतं उरलं. पण उन्हाळा आला, की मला त्या घराच्या ओसरीची अशी काही ओढ लागते, की जणू माझं बालपण तिथेच गेलंय. खरं म्हणजे मी जन्मले सातपूरला, वाढले सातपूरला. जिथे आपण कधी राहिलोच नाही तिथली आठवण का येते, हे मला अजून कळलेलं नाही.

सटाणा

भावडबारीचा घाट उतरून बस देवळ्याकडे वळली, की हवेचा वास बदलतो. कांद्याचा वास. सटाण्याला पोहोचेपर्यंत तो केसांत जाऊन बसतो. बाजाराच्या वाटेवर ट्रॅक्टरांची रांग लागली होती आणि जवळजवळ प्रत्येक ट्रॅक्टरच्या बोनेटवर एक झेंडा. भगवा, निळा, हिरवा, तिरंगा. एकाने तर दोन लावले होते, कोणी नाराज व्हायला नको म्हणून असेल.

नामपूरच्या गाडीला वेळ होता. स्टँडवरच्या बाकावर एक शेतकरीण बाई बसल्या होत्या, डोक्यावर पदर, पायाशी रिकामी टोपली. त्यांनी माझ्या नळीकडे बराच वेळ बघितलं आणि शेवटी राहवेना म्हणून विचारलं, "हाई काय शे व ताई? सतरंजी का?"

"झेंडा आहे," मी म्हटलं. "आमच्या वस्तीचा. उद्या बुद्ध पौर्णिमा ना."

"आमना गावना बी शे. देवीना. चैतमा बदलतस." मग त्यांनी जरा विचार केला. "जुनाना काय करतस तुम्ही?"

मला काहीच माहीत नव्हतं. जुन्या झेंड्याचं काय करतात हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. त्यांच्याकडे तो गाभाऱ्यात घडी घालून ठेवतात म्हणे. मी म्हटलं, "आमच्याकडे काय करतात ते विचारून सांगते," आणि त्या हसल्या, कारण परत भेट होणार नाही हे दोघींनाही ठाऊक होतं.

त्यांनी फडकं सोडलं. कळणाची भाकर, म्हणजे ज्वारीत उडीद दळून केलेली, आणि तिच्यावर हिरव्या मिरचीचा ठेचा. अर्धी माझ्या हातावर ठेवली. नाशिकला आम्ही कळणाची भाकर हॉटेलात जाऊन मागवतो आणि फोटो काढतो. ही भाकर थंड होती, कडेला जराशी करपलेली होती आणि इतकी चांगली होती, की मी कडेचा करपलेपणाही पास केला.

खाता खाता मी त्यांना विचारलं, अख्ख्या बागलाणचा असा एकच झेंडा कधी होता का हो? मुल्हेरला राजे होते, त्यांचा असेल की. बाई म्हणाल्या, "राजाना काय माहीत माय. आमना झेंडा म्हंजे कांदानी गोणी." मग मला चेव आला. जुन्या संस्थानांची मानचिन्हं असतात, ढाल, दोन बाजूंना दोन प्राणी आणि खाली ब्रीदवाक्य, तसं आम्ही दोघींनी बसल्या बसल्या बागलाणचं मानचिन्ह तयार केलं. ढालीवर मधोमध कांदा. वर मुकुट म्हणून डाळिंब, त्याला मुकुट आयताच असतो. दोन बाजूंना दोन ट्रॅक्टर उभे. आणि खाली ब्रीदवाक्य बाईंनी सुचवलं, "आज भाव काय निंघना?" शेजारचा कंडक्टर चहा पिता पिता ठसकला.

नामपूर

नामपूरला उतरून पुढे काळी-पिवळी जीप. ड्रायव्हरने माझी नळी टपावर टाकली, दोन पोती आणि एका घाबरलेल्या शेळीबरोबर. लग्नसराई होती, त्यामुळे जीपमध्ये बँडवाल्यांचा अख्खा ताफा आणि माझ्या मांडीवर कोणाचा तरी ढोल. मोसम नदीच्या पुलावर पात्रात बघितलं तर वाळू, दगड आणि मधे मधे डबकी. अण्णा या नदीत पोहायला शिकले असं सांगायचे.

गावाजवळच्या वळणावर मागून एक मोटारसायकलवाला हॉर्न वाजवत आला. "ओ, तुमचं नळकांडं पडलं!" आमची नळी अर्धा मैल मागे धुळीत लोळत होती. तिच्यात पंचशील ध्वज आहे म्हटल्यावर सगळे बँडवाले उतरले आणि रस्त्याने ती शोधत निघाले. सापडली तेव्हा त्यातल्या सनईवाल्याने ती झाडली, पुसली आणि दोन्ही हातांवर आडवी धरून माझ्याकडे आणून दिली. "जय भीम, ताई. काही झालं नाही झेंड्याला." त्या माणसाचा चेहरा मला अजून आठवतो.

आमचं गाव

घराच्या अंगणात खाटेवर पांढऱ्याशुभ्र कुरडया वाळत होत्या. आत्या ओसरीवर शिलाई मशीनशेजारी बसली होती. माझी चाहूल लागल्यावर तिने मान वळवली, पण नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली. तेव्हा मला कळलं. काचबिंदू आहे हे माहीत होतं, पण इतकं झालंय हे कोणी सांगितलं नव्हतं.

"कोन शे?"

"मी, आत्या."

"छबी! तू उनी का व!" तिने हात पुढे केला आणि माझा चेहरा चाचपला, कपाळ, नाक, हनुवटी. "वाळी गई व माय. तठे खावाले नही का?" अहिराणीत ळ चा य होतो, डोळा म्हणजे डोया, निळा म्हणजे निया. पण 'वाळी' मात्र ती माझ्यासाठी ळ लावून म्हणते, शहरातली भाची म्हणून. मी तिच्या मांडीवर डोकं टेकलं. या वयात असं करताना बाईने इकडेतिकडे बघावं, पण मी बघितलं नाही.

डोकं वर केलं तेव्हा तिच्या मशीनवर काय आहे ते दिसलं. निळं कापड, पिवळं, लाल, पांढरं, केशरी. आत्या झेंडा शिवत होती.

नळी माझ्या हातात होती. मी ती हळूच दाराआड उभी केली.

आत्याने सांगायला सुरुवात केली, मला बोलायला जागाच नव्हती. वस्तीने धम्म घेतला तेव्हा ती लहान होती. "पह्यला झेंडा मनी मायनी शिवा. कापड लेवाले कोनजवय काय व्हतं? मंग माय घरोघर हिंडनी." प्रत्येक घराने जे असेल ते फडकं दिलं. पाच मोठे पट्टे कसेबसे दोन-तीन घरांच्या कापडात झाले, आणि उरलेल्या सगळ्या घरांच्या चिंध्या सहाव्या पट्ट्यात बसवल्या, रंगाप्रमाणे एकाखाली एक. पुढे पट्ट्यांचं कापड दुकानातून यायला लागलं. पण सहावा पट्टा अजून तसाच होतो. पौर्णिमेच्या आधी आत्या घरोघर जाते आणि त्या वर्षी त्या घरात जे झालं त्याचं फडकं मागते. लेकीला हळद लागली असेल तर हळदीच्या साडीचा काठ. बाळ झालं असेल तर त्याचं लाल झबलं. कोणी गेलं असेल तर पांढरं. काहीच झालं नसेल तर जे फाटलं असेल ते.

"मोठ्या पट्ट्यास्ना अर्थ भंतेजी सांगतस," ती म्हणाली. "सहावा मना शे."

विहारासमोर कालपर्यंत फडकणारा जुना झेंडा घडी घालून ठेवला होता. ती तो मांडीवर घेऊन बोटांनी सहाव्या पट्ट्यात काहीतरी शोधायला लागली. वरच्या कोपऱ्याशी बोट थांबलं. बारीक कात्रीने तिने टाके तोडले आणि एक तुकडा बाहेर काढला. बोटाच्या पेराहून जरासा मोठा. जाड, आडव्या विणीचा.

"हाऊ तुना बापना."

अण्णा दर बुद्ध पौर्णिमेला गावाहून परत यायचे तेव्हा पिशवीत एक शर्ट कमी असायचा. आई चिडायची, म्हणायची, माणूस आहे का काय, दर वर्षी शर्ट विसरून येतो. अण्णा काही बोलायचे नाहीत. कारखान्याचा निळा शर्ट. तो इथे येत होता. सातपूरच्या घराचं फडकं म्हणून. आणि अण्णा गेल्यानंतर सातपूरहून काही आलं नाही, तेव्हापासून आत्या शेवटच्या शर्टाचा तोच तुकडा दर वर्षी जुन्या झेंड्यातून उसवून नव्या झेंड्यात शिवत होती. दर वेळी कडा दुमडायला लागते, म्हणून दर वर्षी तो जरासा लहान होतो.

आणि तो निळा राहिलेला नव्हता. इतक्या उन्हाळ्यांत त्याचा सगळा रंग उडाला होता. माझ्या डोळ्यांना तो सरळ सरळ पांढरा दिसत होता.

"निया शे," आत्या त्याच्यावरून अंगठा फिरवत स्वतःशीच म्हणाली, आणि तो तुकडा तिने ब्लाउजच्या आत खोचून ठेवला.

मिलिंद

मिलिंद दुपारी आला. मी त्याला लिंबाच्या झाडाखाली गाठलं. "हे काय आहे? आत्या झेंडा शिवतेय आणि तू मला झेंडा आणायला सांगतोस?"

त्याचा चेहरा पडला. "ताई, लय अवघड झालंय. गेल्या साली तिनं लाल आणि केशरी उलटे लावले. घड्या बदलल्या असतील, दिसलं नाय तिला. आमच्याबी लक्षात नाय आलं. मालेगावचे पाहुणे आले होते, त्यांनी फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. 'यांना झेंडाबी माहीत नाय' असं लिवलं खाली. पोरं लय चिडली. कमिटीनं ठरवलं, यंदापासून विकतचा." मग हळू आवाजात, "तिला सांगायची कोणाची हिंमत होईना. तू सांग. भाची तू."

मला राग आला आणि त्याची कीवही आली. लोकांनी आपल्या झेंड्याला हसावं हे कोणाला सहन होईल? आमच्या लोकांना तो झेंडा सहजासहजी मिळालेला नाही. मिलिंदच्या जागी मी असते तर मीही गेल्या सालचा झेंडा रिजेक्टच केला असता. पण तिला अंधारात ठेवून बदलायचा, हे मला पटेना. मी दाराआडून नळी आणली आणि आत्याच्या मांडीवर ठेवली. सगळं सांगितलं, फोटोसकट.

 मग तिने नवा झेंडा उलगडला आणि पट्ट्यापट्ट्यावरून बोटं फिरवली. सहाव्यावर आली. वरून खाली गेली, खालून वर आली.

"हाई ते समदं सारखंच शे," ती म्हणाली. "यामा एक बी घर नही."

"आत्या, ऐक ना," मिलिंद म्हणाला.

"काय ऐकू? मना डोया गयात, हात नही गयात." आणि तिचा आवाज एकदम फुटला. "हाऊ झेंडा गया ते मना भाऊ कोठे शिवू मी? सांग ना. कोठे शिवू?"

मिलिंद खाली मान घालून उभा राहिला. वस्तीतल्या दोन-तीन बायका दारात येऊन थांबल्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावले. मी मिलिंदला म्हटलं, "हा झेंडा श्रीलंकेत पहिल्यांदा झाला तेव्हाही चुकला होता. माप चुकलं होतं. त्यांनी माप दुरुस्त केलं, झेंडा टाकून नाही दिला. मी रंग हातात देते, आत्या शिवेल. उद्या सकाळी एक जरी टाका चुकला असेल, तर तुझा रेडिमेड वर जाईल. मी स्वतः लावीन."

मिलिंदने आत्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तू पास केलंस तर कमिटी काय बोलणार नाय. पण ताई, खरंच तपासशील ना? नात्याचं नाय बघायचं."

"कारखान्यात सख्ख्या दिराने बनवलेला माल परत पाठवलाय मी," मी म्हटलं, आणि ते खरं होतं.

आम्ही बसलो. मी घड्या हातात द्यायचे आणि रंग सांगायचे, आत्या पाय चालवायची. तिचा हात अजून सरळ चालतो. पण पिवळ्या-लालच्या जोडावर शिवण जराशी वाहावत गेली आणि मी म्हटलं, "उसव."

"काय व्हयनं?"

"तिरकी गेली."

"तुना बाप बी असाच व्हता," ती पुटपुटली. "बरं माय, उसवस." आणि तिने पूर्ण शिवण उसवून पुन्हा घातली. आणखी एकदा उसवायला लावलं तेव्हा तिने माझ्या पाठीत एक धपाटा घातला.

मोठे पट्टे झाल्यावर सहावा. तो मशीनवर नाही, हाताने. मी सुईत दोरा ओवून देत होते. तुकडा हातात घेतला, की आत्या सांगायची तो कोणाचा. हा समोरच्या सुनेचा, बाळंतपणाला माहेरी गेली ती. हा वरच्या आळीतल्या म्हाताऱ्याचा, दिवाळीला गेला. हळदीचा काठ, शाळेच्या गणवेशाची बाही, परदेशी गेलेल्या कोणाच्या तरी शर्टाची कॉलर. ती डोळ्यांनी बघत नव्हती, तरी वस्तीचं अख्खं वर्ष तिच्या बोटांखालून जात होतं, आणि मी एकेक रंग तपासत होते. सगळे बरोबर होते. ऊन उतरलं तेव्हा फक्त वरच्या निळ्या भागातला कोपरा रिकामा राहिला.

आत्याने ब्लाउजमधून तो तुकडा काढला. कडा दुमडल्या. दुमडल्यावर तो माझ्या नखाएवढा झाला. त्या रिकाम्या कोपऱ्यात ठेवून तिने सुई घातली, चारही बाजूंनी बारीक टाके घेतले, दोरा दातांनी तोडला. मग मान वर केली.

"छबी, निया शे ना?"

मी तपासत होते. निळ्यात पांढरा तुकडा म्हणजे चूक. गेल्या सालच्या चुकीहून लहान, पण चूकच. मिलिंदला मी शब्द दिला होता. बायका दारातून बघत होत्या, त्यांनाही दिसत होतं. आत्या वाट बघत होती, चेहरा माझ्या दिशेने, पण डोळे भलतीकडे.

"निळा आहे, आत्या," मी म्हटलं. "चांगला निळा आहे."

दारातल्या बायका आत आल्या आणि झेंड्याची घडी घालायला लागल्या.

पौर्णिमा

सकाळी वंदना झाली. विहारासमोर सगळी वस्ती जमली होती, पांढरे कपडे घालून. चुलीवर मोठ्या पातेल्यात खीर उकळत होती. पाहुणेही आले होते, मालेगावचेच, पुढच्या खुर्च्यांवर. रेडिमेड झेंडा मिलिंदने वस्तीच्या कमानीवर लावला होता आणि तिथे तो छान दिसत होता. आत्याचा झेंडा घडी घालून माझ्या हातात होता.

"पास?" मिलिंदने हळूच विचारलं.

"पास," मी म्हटलं, आणि त्याच्याकडे बघितलं नाही.

दोरी ओढली. झेंडा वर जाता जाता उलगडला, वाऱ्याने एकदा काठीला गुंडाळला आणि मग मोकळा झाला. पाचही रंग आपापल्या जागी. एका पाहुण्याने मोबाइल वर केला, फोटो काढला आणि परत खिशात ठेवला. मी मात्र फक्त सहाव्या पट्ट्याकडे बघत होते, आणि मला दिसलं, की मिलिंदही तिकडेच बघतोय. वर, निळ्यात. तो पांढरा ठिपका खालूनही दिसत होता. मिलिंदने डोळे बारीक केले. मग तो माझ्याकडे वळला आणि मला वाटलं, झालं, आता हा बोलणार.

तो माझ्यासमोरून गेला आणि आत्याच्या खुर्चीपाशी उकिडवा बसला. तिचा हात हातात घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणाला, "आत्या, अण्णाचा निळा लय उठून दिसतोय."

आत्याने आकाशाकडे तोंड केलं. तिला काहीच दिसत नव्हतं, फार तर उजेड दिसत असेल. पण ती अशी हसली, जसं अंगणात कोणी पिशवी खाली ठेवावी आणि म्हणावं, आलो गं.

"दिसाव नही का?" ती म्हणाली. "सातपूरनी कंपनीनं कापड शे ते. त्याना रंग जावाव नही."